भोरड्यांच्या मागे वऱ्हाडात

शुक्रवार

अमरावतीहून निघायला दुपारचे तीन वाजले. मामेभावाची मोटरसायकल, मागे मी, आणि आमच्या मधोमध दुर्बिणीची पिशवी. वलगाव मागे पडलं की जमीन एकदम सपाट होते. डोंगर नाही, टेकडी नाही, नजर जाईल तिथवर काळी माती. हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांनी पसरलेला. विहीर खणा की बोअर मारा, पाणी खारंच लागतं, त्यामुळे ओलिताची शेती जवळपास नाहीच. पावसाची जी ओल काळ्या मातीत मुरते तिच्यावर हरभरा निघतो. फेब्रुवारी संपत आला होता. निम्मा हरभरा सोंगून झालेला, उरलेला पिवळा पडत चाललेला, आणि पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर टाकलेल्या.

आम्ही निघालो होतो भोरड्या पाहायला. पुस्तकात गुलाबी मैना, कुठे पळसमैना, पण शेतकऱ्याला विचारायचं तर भोरडी म्हणूनच विचारावं. साळुंकीच्या घराण्यातला पक्षी, आकारानेही साधारण तेवढाच, बोटभर कमीच. डोकं, गळा, पंख आणि शेपटी काळी कुळकुळीत, पाठ आणि पोट गुलाबी, डोक्यावर मागे लोंबणारा तुरा. ती इथे घरटं करत नाही. तिचं बाळंतपण कझाकस्तान, उझबेकिस्तान, चीनचा शिनजियांग, पश्चिमेकडे तुर्कस्तान-युक्रेनपर्यंतच्या गवताळ मुलखात, मे-जूनमध्ये उरकतं. आपल्याकडचे बहुतेक हिवाळी पाहुणे दिवाळीच्या सुमारास यायला लागतात. ही मात्र घाईची, ऑगस्टमध्येच हजर. जाते एप्रिलमध्ये. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने ती आपल्या देशात असते, आणि तरी पाहुणी म्हणवते.

दर्यापूरच्या अलीकडे मामाचं गाव. वाटेत भोरडी एकही नाही. तारांवर कोतवाल, वेडे राघू, एका बाभळीवर कापशी घार. ओट्यावर चहा झाला आणि मामाने विचारलं, "भोरड्या पायाले आली तू? अमरावतीवून? आमी त्यायले हाकलू हाकलू थकलो, अन् तू पेट्रोल जाळून पायाले आली!"

मामी आतून हसली. रात्री कळण्याची भाकर आणि ठेचा होता. भाकरीची ज्वारी दर्यापूरच्या बाजारातून विकत आणलेली होती, हे मामीने न विचारता सांगितलं.

शनिवार

पहाटे साडेपाचला वावरात. हरभऱ्यात सकाळी चालायचं तर पाय झाकून चालावं, पानांवरची आंब पोटऱ्यांना चरचरते. पूर्वी बायका पहाटे पिकावर धुतलेलं फडकं पसरून ही आंब पिळून ठेवायच्या, पोटदुखीवर द्यायच्या. मामीकडे अजून एक बाटली आहे.

सूर्य वर यायच्या आधी आवाज आला. किलबिल म्हणावी असा तो नव्हे. पुष्कळ जण एकाच वेळी भांडताहेत, आणि कोणीच कोणाचं ऐकत नाही, तसला कलकलाट. मग पूर्वेकडून थवा आला, खूप खालून, आणि मामाच्या शेजारच्या अर्धवट सोंगलेल्या वावरात उतरला. तीन-चारशे असतील.

भोरड्यांचं चरणं एकदा नीट पाहावं. साळुंक्या पसरून, सवडीने चरतात. भोरड्या तशा नाहीत. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, सगळ्यांची लगबग पुढे. मागच्या रांगेला काही मिळेनासं झालं की ती उठते, पुढच्यांच्या डोक्यावरून उडून त्यांच्याही पुढे जाऊन बसते. लगेच तिच्या मागे राहिलेले उठतात. त्यामुळे सगळा थवा वावरात गडगडत पुढे सरकतो, आणि या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत जायला त्याला दहा मिनिटं लागत नाहीत. दुर्बीण लावून मी फक्त चोची पाहत बसले. दहा-बारा वेळा तरी चोचीत हिरवट, वळवळणारं काही दिसलं. घाटेअळी. ही अळी घाट्याला भोक पाडून अर्धं अंग आत घालते आणि दाणा पोखरते. हरभऱ्याचा पहिल्या नंबरचा शत्रू तीच.

मामाला दुर्बीण दिली. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "अळ्याच खाऊन रायल्या लेकाच्या."

मामाच्या हरभऱ्यात अधूनमधून ज्वारीची एकेक ताटं उभी होती. ती पिकासाठी नाहीत. पेरताना हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी टाकायची, म्हणजे पाखरांना बसायला आयते थांबे होतात आणि बसल्या जागेवरून ती अळ्या टिपतात. कृषी विद्यापीठवाले हे सांगतात, बांबूचे आडवे-उभे पक्षीथांबे लावायलाही सांगतात. मामाने ज्वारीचा उपाय पत्करला कारण तो फुकटचा. थांब्यांवर मुख्यतः कोतवाल बसतात, भोरड्या जमिनीवरच खूश.

ऊन तापलं तसे आम्ही लिंबाखाली आलो. तिथे मामाचे शेजारी, ऐंशीच्या घरातले आबाजी, बाजेवर बसले होते. भोरडीचा विषय काढायचा अवकाश.

"आमी पोट्टे व्हतो तवा शाळा कमी अन् राखन जास्त," आबाजी म्हणाले. "हुरडा भरला का मचानावर चढाचं. दिवस निंगायच्या आंदी. भोरडी लय तडकेची येते. गोफन फिरवाची, टिनाचा डबा वाजवाचा, घसा बसेपावतर वरडाचं. चिमनी खाते तं चार दाने खाते. भोरडी खाते कमी अन् पाडते जास्त. कनसावर बसली का कनीस वाकते, दाने खाली."

मी विचारलं, मग ज्वारी बंद का केली सगळ्यांनी? भोरड्यांमुळे?

आबाजींनी थोडं थांबून सांगितलं ते मी तिथेच वहीत उतरवून घेतलं. "पयले साऱ्या शिवारात जवारी राये. पाखरं वाटल्या जायेत. याच्या वावरातून हाकलले तं त्याच्या, त्याच्यातून हाकलले तं तिसऱ्याच्या. कोनाचंच लय नुसकान नाही. मंग सोयाबीन आलं, लोकायनं जवारी सोडली. आता एकट्यानं पेरली तं दहा गावचे पाखरं त्याच्याच बोकांडी. रातच्याले डुकरं, रोही. तो बी सोडते. असं करता करता जवारी गेली."

या विषयावर मी पुष्कळ वाचलं आहे, पण इतकं नेमकं कुठे वाचल्याचं आठवत नाही. भोरडीवर खापर फोडणं सोपं आहे. कारणं खरं तर बाजारातली: सोयाबीनचा पैसा रोख हाती येतो, संकरित ज्वारी पावसात सापडली की काळी पडते आणि काळ्या ज्वारीला कोणी विचारत नाही, राखणीला आता मजूर मिळत नाही आणि पोरं शाळेत जातात, ते योग्यच आहे. एकदा पेरा विरळ झाला की मात्र पाखरांचा भार उरलेल्यांवर पडतो, आणि तो उरलेल्यांनाही हुसकून लावतो. थवा तेवढाच असला तरी जेवणावळीची घरं कमी झाली.

संध्याकाळी भावाने पूर्णेकाठी नेलं. तिथे वेड्या बाभळीचं दाट बन आहे, काट्यांमुळे आत माणूस शिरत नाही. साडेपाचपासून थवे यायला लागले. वीसचा, पन्नासचा, दोनशेचा. थेट झाडावर कोणीच बसत नाही. आधी आभाळात फेऱ्या. नवा थवा आला की फिरणाऱ्यात मिसळतो, आणि ढग मोठा होत जातो. इतक्यात एक शिक्रा पलीकडच्या झाडावरून सुटला आणि अख्खा ढग एका क्षणात आवळला, काळा झाला, अंगणात घोंगडी झटकावी तसा एकदा फडकला आणि पार दुसऱ्या बाजूला गेला. शिक्रा रिकामा परतला. ढग परत पसरला तेव्हा उन्हात गुलाबी पोटं दिसली. वळताना पंख दिसले की काळे, पोट दिसलं की फिकट, असा त्यांचा खेळ दिवस मावळेपर्यंत चालला. मग कोणी सांगितल्यासारखे सगळे एकदम बाभळीत कोसळले आणि आतून जो गोंगाट सुरू झाला तो अंधार पडून अर्धा तास झाला तरी थांबेना. झोपायला आलेत की बाजार भरवायला, कळत नव्हतं.

रविवार

मामाला सांगून दर्यापूर-मूर्तिजापूर रस्त्याने निघालो. शकुंतलेचे रूळ रस्त्याला मधूनमधून भेटतात. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि दुसरा यवतमाळला जाणारी ही नॅरोगेज गाडी वऱ्हाडातला कापूस बाहेर काढण्यासाठी इंग्रजांच्या काळात आली. आता बंद आहे. रुळांत गवत वाढलंय आणि एका जागी कोणी रुळालाच शेळी बांधली होती.

मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे हे गाडगेबाबांचं आजोळ. जन्म १८७६ चा, शेंडगावचा, पण बालपण दापुऱ्यात मामाच्या शेतावर राबण्यात गेलं. तिथली एक गोष्ट सांगतात. डेबू, म्हणजे लहानपणीचे गाडगेबाबा, पिकावरची पाखरं हाकलत होता, तेव्हा वाटेने जाणाऱ्या एका साधूने विचारलं, हे धान्य काय तुझं आहे? खरी-खोटी त्या साधूला ठाऊक. मला त्यात रस एवढाच, की वऱ्हाडातल्या संताच्या गोष्टीतही पोरगं शेवटी पाखरंच हाकलत उभं आहे.

कारंजाच्या अलीकडे एका वावरात उंट दिसले म्हणून गाडी थांबवली. काठेवाडी. हिवाळा लागला की हे लोक मेंढ्या, गाई, उंट घेऊन विदर्भात उतरतात, वेचणी झालेल्या कपाशीत जनावरं चारतात. शेतमालकाला मेंढ्यांचं खत मिळतं, त्यांना चारा. सगळ्यांशी पटतंच असं नाही, उभ्या पिकात मेंढ्या घुसल्यावरून दरवर्षी भांडणं होतात.

मेंढ्या पुढे आणि मेंढ्यांच्या पायांत भोरड्या. मेंढी पाऊल टाकते, नाकतोडा उडतो, भोरडी झपकन झेप घेते. काही तर थेट मेंढीच्या पाठीवर बसून प्रवास करत होत्या आणि काही दिसलं की खाली उडी. मेंढीला त्याचं काही नव्हतं. तिथे चूल पेटवत बसलेल्या आजीला मी हिंदीतून विचारलं, ये पंछी आपके साथ ही चलते हैं क्या? ती म्हणाली, "ये तो वैयां. हमारे उधर भी आते हैं. उधर पहले, इधर बाद में." बरोबरच आहे. वायव्येकडून येणारा पक्षी, कच्छ-काठेवाडला आधी पोचणारच. आजी आणि पाखरं एकाच दिशेने येतात, फक्त तिची चाल धीमी.

भोरडीचा खरा धंदा हाच, नाकतोडे आणि टोळ मारण्याचा. दगडांच्या ढिगात, कपारीत भोरड्यांची घरटी असतात, शेकड्यांनी एकत्र. कुठे वसाहत करायची हे टोळ कुठे आहेत यावर ठरतं. एका वर्षी एखाद्या माळावर हजारो घरटी, पुढच्या वर्षी तिथे शुकशुकाट. पिलांना भरवतात तेही टोळ आणि नाकतोडे. शिनजियांगच्या कुरणांवर टोळांनी उच्छाद मांडला तेव्हा तिथल्या लोकांनी १९८० च्या दशकापासून भोरड्यांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून दिले. औषधाची फवारणी कमी झाली, टोळ आटोक्यात आले. २०१८ साली तिथे एका महामार्गाच्या कामावर रचलेल्या दगडांत त्यांनी घरटी केली, तर पिलं उडेपर्यंत काम थांबवलं.

हे मी भावाला सांगत होते तेव्हा आम्ही समृद्धी महामार्गाच्या पुलाखाली उभे होतो. हा रस्ता कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यातून जातो. भाऊ म्हणाला, "आपल्याकडे भोरडी घरटं करत नाही तेच बरं आहे, ताई."

अभयारण्य छोटं, सगळं गवताळ. काळवीट भरपूर दिसले, एक तर चांगला पिळदार शिंगांचा नर. माळटिटवी, चंडोल. भोरड्यांचा एकच थवा, तोही वरून गेला. त्यांना काळवीटापेक्षा मेंढी सोयीची.

मे २०२० मध्ये वाळवंटी टोळांची धाड मध्य प्रदेशातून मोर्शी-वरुडकडे उतरली, पुढे काटोल, आष्टीकडे गेली. संत्र्याच्या बागांत लोक थाळ्या बडवत, ट्रॅक्टरने फवारे मारत फिरत होते. टोळखाऊ पक्ष्यांचे थवे त्याआधीच हिंदुकुशच्या पलीकडे पोचलेले. वेळापत्रक जुळलं नाही. आणि जुळलं असतं तरी एवढ्या मोठ्या धाडीपुढे हजार-दोन हजार भोरड्यांनी काय केलं असतं, सांगता येत नाही. कोणी ‘पक्षी वाचवा म्हणजे टोळ येणार नाहीत’ असं सोपं गणित मांडलं की मला जरा धास्तीच वाटते.

रात्री कारंजाच्या गुरुमंदिराजवळ भक्तनिवासात राहिलो. प्रसादाचं वरण-भात, आणि नऊला झोप.

सोमवार

आज पळस. काटेपूर्णा अभयारण्याच्या बाजूला सागाचं जंगल, आणि कडेकडेने, बांधांवर, नाल्यांवर पळसच पळस. पानं झडलेली, झाडभर शेंदरी फुलं. आठ वाजता एका पळसाखाली जाऊन बसलो. गर्दी मावत नव्हती. साळुंक्या, सातभाई, कोतवाल, सूर्यपक्षी, दोन खारी आणि सगळ्यांवर दादागिरी करणाऱ्या भोरड्या.

झाड ठेंगणं होतं, त्यामुळे दुर्बिणीतून एकेक पीस दिसत होतं. पळसाचं फूल वाकड्या चोचीचं असतं. भोरडी फांदीवर त्याच्या मागून येते, मान खाली घालते, देठाजवळच्या पेल्यात चोच खुपसते आणि मध पिते. डोकं आत जातं तेव्हा फुलाचे पुंकेसर बरोबर कपाळावर घासतात. त्यामुळे प्रत्येकीच्या काळ्या कपाळावर पिवळसर टिळा. तोच टिळा घेऊन ती पुढच्या पळसावर जाते, आणि पळसाचं काम होतं. दोन भोरड्या एकाच घोसावर आल्या की तुरे ताठ, चोची उघड्या, आणि तारस्वरात शिव्यागाळी. हरणारी दुसऱ्या फांदीवर जाऊन साळुंकीला हुसकावते.

रंग नीट पाहिला. सगळ्या सारख्या गुलाबी नसतात. काही मळकट, गुलाबीवर माती उडाल्यासारख्या, काही एकदम लखलखीत. हे असं होतं कारण शरद ऋतूत येणाऱ्या नव्या पिसांच्या कडा मातकट रंगाच्या असतात. हिवाळाभर त्या घासून झिजतात आणि आतला गुलाबी उघडा पडतो. म्हणजे विणीचा साज चढवायला तिला नवी पिसं लागत नाहीत, जुनी वापरून वापरून खुलतात. ऑगस्ट-सप्टेंबरात येणारी त्या वर्षीची पिलं तर ओळखूच येत नाहीत. नुसती वाळूच्या रंगाची, पिवळट चोचीची, ना तुरा ना गुलाबी. कित्येक जण त्यांना कुठलीशी दुसरीच मैना समजून सोडून देतात. नराचा तुरा लांब, मादीचा आखूड आणि रंगही थोडा फिका.

अकराच्या सुमारास पोटं भरली आणि एक नर वाळक्या शेंड्यावर जाऊन गायला लागला. गाणं म्हणजे करकर, शीळ, चुरचुर, मध्येच कोणाची तरी नक्कल वाटावी असा तुकडा, पुन्हा करकर. गळ्याची पिसं पिंजारलेली, पंख अर्धे उघडून थरथरवत. कोकिळेच्या शेजारी बसवलं तर कोणी दाद देणार नाही. तरी मी पाऊण तास ऐकलं. याच गाण्यावर दोन-अडीच महिन्यांनी कझाकस्तानातल्या कुठल्या तरी दगडांच्या ढिगावर त्याचं लग्न ठरणार.

कोणाला जायचं असेल तर पळस फुललेला असतानाच जा, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. पळस नसेल तर काटेसावर किंवा पांगारा शोधा. सकाळी सात ते दहा फुलांवर, संध्याकाळी साडेपाचनंतर काटेरी झाडीत. मार्च संपता संपता थवे पातळ होतात.

परतताना पुन्हा मामाकडे थांबलो, भावाला थ्रेशरच्या पाळीसाठी घरी पोचायचंच होतं. जेवताना मी आबाजींचं बोलणं काढलं आणि विचारलं, समजा एका धुऱ्यावरच्या चौघा-पाचजणांनी मिळून लागून-लागून ज्वारी पेरली तर?

"पेरता येईन," मामा म्हणाला. "भाव नसला तरी कडबा पायजेच. ढोराईले कुटार किती दिवस चारतं? पन मी एकटा नाही पेरत. आबाजीच्या पोराले विचारलं व्हतं मागच्या साली."

"मग काय म्हणाला?"

"म्हने, सोयाबीनचा भाव पाहू, मंग सांगतो."